‘फादर, आपलं चुकतंय’ असं म्हणता येतं का?

संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत लिहायला घेतलं, तेव्हा काशीचे पंडित रागावले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देववाणीतलं ज्ञान प्राकृतात आणणारा हा कोण? नाथांना काशीला बोलावणं आलं. ते गेले, पंडितांपुढे हात जोडले. लेखणी मात्र खाली ठेवली नाही. १५७३ साली ग्रंथ वाराणसीतच पुरा झाला आणि परंपरा सांगते, की पुढे काशीनेच तो डोक्यावर घेतला.

याच वाराणसीत १९७० सालापासून कॅथलिकांचा धर्मप्रांत आहे. तिथले भाविक असोत की आपल्या वसईतले, त्यांच्यापुढेही कधीतरी असाच पेच उभा राहतो. फादरांचं किंवा बिशपांचं काही चुकतंय असं वाटलं, तर बोलावं की गप्प बसावं?

बहुतेक जण गप्प बसतात. कारण अगदी घरगुती असतं. नातवाचा बाप्तिस्मा, मुलीचं लग्न, वडीलधाऱ्यांची मूठमाती, सगळं त्याच चर्चमध्ये व्हायचं. मुलांना प्रवेशही बऱ्याचदा चर्चच्याच शाळेत हवा असतो. मग हिशेब विचारून वाईटपणा कोण घेणार? ‘पाप लागेल’ म्हणत घरातली मोठी माणसंच तोंडावर बोट ठेवतात.

चर्चचा कायदा मात्र असं म्हणत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या धर्मसंहितेचं २१२ वं कलम पाहा. श्रद्धेच्या शिकवणीत धर्मपालांचं ऐकावं, हे ते आधी सांगतं. पण पुढे हेही सांगतं, की चर्चच्या भल्याविषयी आपलं मत धर्मपालांना कळवणं हा जाणकार भाविकाचा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यसुद्धा! मात्र श्रद्धेला आणि नीतीला धक्का लागू नये, धर्मपालांचा आदर राखावा आणि सर्वांचं हित पाहावं. हिशेबाचं म्हणाल, तर प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती हवीच, असं ५३७ वं कलम सांगतं. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांपुढे ठेवावा, असं १२८७ वं कलम सांगतं.

ही रीत आजकालची नाही. अंत्युखियात पेत्राने परजातीय ख्रिस्ती बांधवांच्या पंगतीतून अंग काढून घेतलं, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. चौदाव्या शतकातली सिएनाची कॅथरीन तर रंगाऱ्याची मुलगी, ना पद ना शाळा. पोप अकरावे ग्रेगरी फ्रान्समधल्या आव्हिन्यों गावी राहत होते. रोमला परत या, म्हणून तिने त्यांना पत्रांतून खडसावलं. पण त्याच पत्रांत ती त्यांना लाडाने ‘बाबा’ म्हणते. १३७७ साली पोप रोमला परतले. आणि वाराणसीचा धर्मप्रांत झाला त्याच १९७० साली चर्चने कॅथरीनला धर्मपंडिताचा मान दिला.

मग बोलावं कसं? येशूने सांगितलेली वाट सोपी आहे. आधी एकट्याने भेटून सांगा. ऐकलं नाही, तर दोघा-तिघांना बरोबर न्या. तरीही नाही, तर मंडळीपुढे मांडा. आज याचा अर्थ असा, की आधी फादरांची भेट, मग जाणत्या चार माणसांसह भेट, मग बिशपांना सहीचं पत्र. निनावी पत्रं आणि दारामागची कुजबुज यांनी माणूस सुधारत नाही, फक्त दुखावतो. ऐकीव नको, डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगावं.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवायला हवी. चूक आणि गुन्हा एक नव्हेत. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर तिथे आदराने समजावत बसायचं नसतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, मग समोर कुणीही असो.

बाकी गोष्टींत घरातलाच दाखला पुरे. वडिलांचं चुकलं, तर समंजस मुलगा चारचौघांत पाणउतारा करत नाही; पण घर बुडताना गप्पही राहत नाही. जेवणं झाल्यावर जवळ बसून सांगतो. ज्याला आपण ‘फादर’ म्हणतो, त्याच्याशी एवढा मोकळेपणा नको का?