भविष्यकाळाचे आहार्य

भरतमुनींनी अभिनयाचे जे चार प्रकार मानले, त्यांपैकी आहार्य, म्हणजे वेषभूषा व रंगभूषा यांच्या द्वारे होणारा अभिनय, आपल्या समीक्षेत बहुधा शेवटी व ओझरताच उल्लेखिला जातो. पौराणिक वा ऐतिहासिक नाटकात हे खपूनही जाते; कारण किरीट, पगडी, शालू यांचे अर्थ प्रेक्षक घरूनच घेऊन आलेला असतो. परंतु कथा आणखी दोनतीनशे वर्षांनी घडणार असेल तर? त्या काळाची स्मृती कोणालाच नाही. तेथे वस्त्राला आपली भाषा आधी शिकवावी लागते आणि मग तीत बोलावे लागते. आणि ऐकणारा ती कशी ऐकील, हे शिवणाऱ्याच्या हाती राहत नाही.

अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झालेली ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिचे वेषभूषाकार विल्यम वेअर थाइस यांच्या गणवेशांत सदऱ्याचा रंगच पात्राचे काम सांगतो. शास्त्रज्ञ व वैद्य निळ्या रंगात, अभियंते व संरक्षक तांबड्यात, यानाचे नेतृत्व करणारे तिसऱ्याच रंगात. बाहीवरील फितींवरून हुद्दा कळतो. रंगांच्या ठळकपणामागे व्यापारही होता. एन.बी.सी. ही प्रसारणसंस्था ज्या आर.सी.ए. कंपनीच्या मालकीची होती, ती कंपनी रंगीत संच विकीत असे.

आता तो तिसरा रंग. कर्णधार कर्कचा सदरा सोनेरी, असे प्रेक्षकांच्या पिढ्या सांगत आल्या. वस्तुतः व्हेलूर या मखमलीसारख्या कापडाचा तो सदरा पिवळट हिरवा होता. प्रखर दिव्यांखाली, चित्रफितीवर, तो सोनेरी उमटला. त्याच कर्णधाराचा छातीवर दुमडून नेसावयाचा दुसरा अंगरखा निराळ्या कापडाचा असल्यामुळे हिरवाच दिसे, आणि चाणाक्ष प्रेक्षकास त्याचे कोडे पडे. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा प्रकार परिचित वाटेल: लेखनिकाच्या हातून झालेला पाठभेदच पुढे मूळ पाठ म्हणून रूढ होतो. २००९ च्या चित्रपटात तर कर्कसाठी खरोखरच सोनेरी सदरा शिवण्यात आला. त्या व्हेलूरची आणखी एक खोड अशी, की धुतल्यावर ते आटे. म्हणून तिसऱ्या वर्षी नायलॉन आले. भविष्यकाळालाही परिटाचा जाच चुकत नाही!

स्त्रीपात्रांच्या वेषाचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९६४ साली चित्रित झालेल्या पहिल्या नमुना-भागात यानाची दुय्यम अधिकारी स्त्री होती आणि ती पुरुषांप्रमाणेच विजार घाली. तो भाग नाकारला गेला. ते पात्रही गेले. प्रत्यक्ष मालिकेत स्त्रियांना आखूड झगा मिळाला. संदेशवहन अधिकारी उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पुढे सांगितले, की त्यांस तो झगा अपमानास्पद वाटला नव्हता. त्या दशकात आखूड झगा मुक्ततेची खूण मानला जाई. आजच्या प्रेक्षकास तीच वस्तू विपरीत दिसते. मला दोन्ही वाचने प्रामाणिक वाटतात. तथापि समतेच्या युगाची ग्वाही देणाऱ्या कथेने एकदा शिवलेली विजार परत घडी घालून ठेवली, ही गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही. १९८७ च्या नव्या मालिकेत थाइस यांनी तसाच झगा काही पुरुषांच्याही अंगावर घातला. तो लवकरच दिसेनासा झाला.

इंग्लंडमध्ये याच सुमारास, ऑक्टोबर १९६६ मध्ये, बी.बी.सी.च्या कृष्णधवल ‘डॉक्टर हू’ मालिकेत सायबरमॅन प्रथम अवतरले. एकेक अवयव यंत्राने बदलून भावना गमावलेली ही माणसे. सँड्रा रीड यांनी रचलेल्या त्यांच्या वेषात चेहऱ्यावर धातूऐवजी कापड होते आणि हात उघडे, माणसाचे होते. कापडाखाली कोणी तरी अजून असावे, असा संशय त्या हातांमुळे येतो आणि भीतीत करुणा मिसळते. १९६७ साली ते परतले, तेव्हा चेहरा कठीण झाला होता आणि हातांवर मोजे चढले होते.