तेरा दिवसांची मुदत

महाभारतातल्या कीचकाच्या गोष्टीवर विद्यार्थ्यांची एकांकिका उभी राहते तेव्हा तालमीचा सर्वांत जास्त वेळ एका पडण्यात जातो. वाचन होतं, हालचाली बसतात, प्रकाशाच्या जागा ठरतात. ते पटापट उरकतं. अज्ञातवासात सैरंध्री झालेल्या द्रौपदीने मात्र जीव घेऊन दरबारात धावत यायचं, केस ओढले जाताना लाथ बसून कोसळायचं, उठायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. गुडघ्यांना चोळलेल्या बामाचा वास खोलीत भरून राहतो. तरी तिच्याहून अवघड काम दरबारी झालेल्या दहाबारा मुलांचं असतं. त्यांनी हलायचं नाही. समोर बाई पडली की हात आपोआप पुढे जातो. तो आवरायला शिकावं लागतं. नाटकाचा विषय त्या आवरलेल्या हातांत आहे.

कृ. प्र. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, भीम म्हणजे जहाल, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि सैरंध्री म्हणजे पारतंत्र्यातला देश, असा अर्थ प्रेक्षकांनी लावला. त्या काळाची ती गरज होती आणि त्या नाटकाचं मोल त्याने कमी होत नाही. पण ती देश झाली आणि तिच्या गुडघ्यांकडे बघायचं राहून गेलं. आजच्या मुलांनी ही गोष्ट घ्यावी ती तिला पुन्हा बाई करण्यासाठी: परक्या घरी राबणारी, मालकिणीच्या भावाने छळलेली.

दरबार गप्प का बसतो, असं कोणी विचारेल. कीचक मत्स्यदेशाचा सेनापती आहे. राज्य त्याच्या बळावर उभं, म्हणून राजा विराट गप्प बसतो. कंक झालेला युधिष्ठिर तर तिलाच सुनावतो, की नटीसारखी रडत फिरतेस आणि राजाच्या द्यूतात विघ्न आणतेस. पुढे भीम कीचकाला मारतो, आणि राजा राणीकरवी सैरंध्रीलाच निघून जायला सांगतो. ती १३ दिवसांची मुदत मागते. मार तिने खाल्ला, घरही तिनेच सोडायचं. यावर एक आक्षेप येतो: सेनापती मेल्याचं कळताच सुशर्मा आणि कौरव चालून आले, मग राजाचं गप्प बसणं ही दूरदृष्टीच नव्हती का? पण विराटाला आणि त्याच्या गाईंना सोडवलं ते त्याच्याच घरी राबणाऱ्या, बल्लव झालेल्या भीमाने आणि बृहन्नडा झालेल्या अर्जुनाने. अत्याचारी सेनापतीवाचून राज्य टिकलं.

ही एकांकिका मुंबईतल्या भोईवाड्यात व्हायला हवी, कारण इथे दंडाधिकाऱ्यांचं न्यायालय आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने पीडित बाईला राहत्या घरातून परस्पर बाहेर काढता येत नाही, आणि तिचा अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न दंडाधिकाऱ्यांनी करायचा असतो. सैरंध्रीला १३ दिवस हात जोडून मागावे लागले होते. मग कायदा असताना नाटक कशाला? कायद्याला अर्ज लागतो, आणि अर्ज करायला निघालेल्या बाईच्या वाटेत सासर, माहेर, शेजार असा सगळा दरबार बसलेला असतो. त्याला ६० दिवसांचं बंधन नाही. भीमाच्या मुठीवर पडदा पाडला तर टाळ्या मिळतील, पण बघणारे भीमाचीच वाट बघत घरी जातील. त्यापेक्षा तालमीत आवरायला शिकवलेला हात शेवटच्या प्रवेशात एका दरबाऱ्याने पुढे करावा, आणि पडदा त्यावर पडावा.