वृद्ध पित्यासह चार दिवस सिंगापुरात

अलीकडे आपणा सर्वांच्याच चिकित्सालयात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलगा अथवा मुलगी परदेशी स्थायिक झालेली असते, किंवा घरातील तरुण मंडळी सुटीत चार दिवस बाहेर जाणार असतात, आणि वृद्ध माता-पित्यांना सोबत न्यावे की नाही याचा निर्णय वैद्याच्या मतावर ठेवलेला असतो. "वैद्यराज, आईला हा प्रवास झेपेल का?" आपण नाडी पाहतो, रक्तदाब मोजतो, गुडघे तपासतो आणि होकार अगर नकार देतो. वस्तुतः वृद्धाच्या दृष्टीने प्रवास म्हणजे देश, काल, आहार, निद्रा आणि वेगप्रवर्तन या सर्वांचा एकाच वेळी होणारा पालट होय. त्याचा विचार आयुर्वेदाइतका सूक्ष्म अन्य कोणी केला असेल असे वाटत नाही. तथापि प्रत्यक्ष सल्ला देताना आपण तो क्वचितच वापरतो. या विषयाकडे स्वतःच्या घरातून पाहण्याचा योग आम्हास आला. तो अनुभव वैद्यबंधू-भगिनी व औषधालयांचे चालक यांस उपयुक्त ठरेल या हेतूने येथे मांडत आहोत.

निमित्त

आमचे तीर्थरूप (आम्ही त्यांना तात्या म्हणतो) अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षे त्यांनी तालुक्याच्या गावी वैद्यकी केली. काढ्याची भरड ते स्वतः कुटून घेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री निवर्तल्या आणि तात्यांनी दवाखान्याचे दार लावून घेतले ते पुन्हा उघडले नाही. अग्नी मंद, निद्रा खंडित, दोन्ही गुडघ्यांत संधिवात, रात्री तीन-चार वेळा मूत्रप्रवृत्ती, रक्तदाबासाठी आधुनिक औषधाची एक गोळी, असा त्यांचा वृत्तांत. परंतु आम्हास काळजी होती ती यांपैकी कशाचीच नव्हे. वर्तमानपत्रसुद्धा न उघडणारा, विचारले तरच बोलणारा हा मनुष्य आपलेच तात्या आहेत हे आम्हास पटत नव्हते. मनोवह स्रोतसांची दुष्टी औषधाने काही अंशी सुधारली. उरलेला भाग औषधाच्या आवाक्यातला नव्हता.

तेव्हा चार दिवसांचा प्रवास योजला. "मला कशाला नेतोस? तुम्हालाच माझी अडचण व्हायची," असे ते म्हणाले. "तात्या, तुम्ही नुसते सोबत चला, पाहायचे काय ते तिथे गेल्यावर ठरवू," एवढेच आम्ही म्हटले.

सिंगापूर निवडण्याची कारणे सांगणे उचित होईल. मुंबईहून विमानाने सुमारे साडेपाच तास लागतात. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासच पुढे, त्यामुळे निद्राचक्राचा विपर्यास अल्प. संपूर्ण देशाचे क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर. म्हणजे मुक्काम एकाच ठिकाणी ठेवता येतो आणि दुपारी विश्रांतीसाठी खोलीवर परतता येते. तमिळ ही तेथील चार अधिकृत भाषांपैकी एक असल्याने इडली, भात, रसम सहज मिळते. भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्थानकावर पायऱ्या न चढता जाता येईल असा मार्ग आहे. वृद्धासाठी ही सोय प्रेक्षणीय स्थळांहून अधिक मोलाची आहे.

औषधांची पिशवी

आपल्या व्यवसायाशी थेट संबंध आहे तो या भागाचा. सिंगापुरातील औषध व अमली पदार्थविषयक कायदे अत्यंत कडक आहेत. स्वतःच्या उपयोगासाठी तीन महिन्यांपर्यंतची औषधे नेता येतात. मात्र नियंत्रित द्रव्ये असल्यास पूर्वपरवानगी लागते. आपल्या घरोघरी वापरली जाणारी खसखस तेथे निषिद्ध वस्तूंत मोडते. चघळण्याचा तंबाखूही चालत नाही. भांगेचा तर प्रश्नच येत नाही. तेव्हा विजया असलेले जातीफलादि चूर्ण अथवा लाई चूर्ण, किंवा अहिफेन असलेला कर्पूर रस, "प्रवासात पोट बिघडले तर असू द्या" म्हणून रुग्णाच्या हाती देणे म्हणजे त्यास गंभीर संकटात लोटणे होय. अमली पदार्थांच्या व्यापारास त्या देशात मृत्युदंडाची तरतूद आहे.

रसकल्पांविषयीही सावध राहावे. तेथे विकल्या जाणाऱ्या पारंपरिक औषधांत पाऱ्याची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत अर्धा भाग इतकी आहे. कज्जलीयुक्त आरोग्यवर्धिनी किंवा हिंगुळयुक्त त्रिभुवनकीर्ती या कसोटीस उतरणे शक्य नाही. शोधन-मारणाची आपली भूमिका आपल्या ठिकाणी. परंतु विमानतळावरील अधिकारी ती ऐकण्यास बांधील नाही. २००४ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर भारत सरकारने निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य केली, हे आपणांस स्मरत असेलच.

तात्यांसाठी आम्ही फक्त वनस्पतिज कल्प घेतले : योगराज गुग्गुळ न घेता साधा त्रिफळा गुग्गुळ, गोखरू चूर्ण, हिंग्वाष्टक आणि सुंठ. सर्व मूळ बंद वेष्टनात, सोबत इंग्रजीतील औषधपत्र. रक्तदाबाची गोळी हातातील पिशवीत. विमानातील हातसामानात शंभर मिलिलीटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही; म्हणून अभ्यंगाचे तीळतेल लहान बाटलीत घेतले.

विमानप्रवास आणि वात

वार्धक्य हा वाताचा काल. त्यात विमानातील हवा अतिशय रूक्ष. तेथील आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते आणि आतील दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या पर्वतावर असावा तसा असतो. रूक्ष, शीत, चल हे वाताचे गुण एकत्र आल्यावर वृद्धांस आध्मान, मलावष्टंभ व संधिशूल का होतो हे वेगळे सांगावयास नको. त्यात अनेक वृद्ध प्रसाधनगृहाच्या संकोचाने पाणीच पीत नाहीत व मूत्रवेग धारण करतात. आम्ही मार्गिकेलगतची जागा मागून घेतली. निघण्याच्या दिवशी सकाळी सर्वांग अभ्यंग, उष्णोदकाने स्नान आणि लघु, स्निग्ध, उष्ण आहार. विमानात दर तासाला थोडे कोमट पाणी व एक फेरी. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पाचा २००७ सालचा निष्कर्ष आहे. ज्यांना पूर्वी असा विकार झाला असेल त्यांनी संबंधित तज्ज्ञांचा सल्ला घेतल्यावाचून निघू नये.

आनूप देशातील दिनचर्या

आम्ही निघालो तेव्हा आपल्याकडे शिशिर होता. विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर असलेल्या सिंगापुरात मात्र ऋतूंचा भेद जवळजवळ नाही. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक, आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास. ग्रंथोक्त आनूप देश पाहावयाचा तर तो असा! अशा देशी कफाचा संचय व अग्निमांद्य अपेक्षित. बाहेर दमट उष्मा आणि प्रत्येक इमारतीत कृत्रिम शीत वारा, हा शीतोष्णाचा व्यत्यास वृद्धास अधिक बाधतो. यास्तव तात्यांच्या खांद्यावर उपरणे कायम ठेवले, भोजनापूर्वी सुंठ व सैंधव दिले, रात्रीचे जेवण सातच्या आत, आणि दही व शीतपेये वर्ज्य. सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी पाच ते सात एवढाच फिरण्याचा वेळ.

रस्ता ओलांडताना एक व्यवस्था दिसली. २००९ पासून तेथे अनेक ठिकाणी ज्येष्ठ नागरिकाने आपले सवलतीचे कार्ड खांबावरील यंत्रास लावले की हिरवा दिवा तीन ते तेरा सेकंद अधिक काळ राहतो. ही सोय तेथील रहिवाशांसाठीच आहे. परंतु एक वृद्धा कार्ड लावून सावकाश पलीकडे गेली, ते पाहून तात्या बराच वेळ उभे राहिले. "म्हाताऱ्याला काय लागते ते यांना कळले. दहा सेकंद," ते म्हणाले. प्रवासात त्यांनी आपण होऊन उच्चारलेले हे पहिले वाक्य.

वनौषधींची बाग

दुसऱ्या दिवशी वनस्पती उद्यानात गेलो. १८५९ साली स्थापन झालेले हे उद्यान २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. वृक्ष न मारता रबराचा चीक काढण्याची पद्धत येथेच संचालक रिडली यांनी विकसित केली. उद्यानाच्या अडीच हेक्टर भागात २०११ साली औषधी वनस्पतींची बाग केली असून तीत आग्नेय आशियात औषधार्थ वापरल्या जाणाऱ्या चारशेहून अधिक वनस्पती आहेत. मांडणी शरीराच्या संस्थांनुसार : शिर व कंठ, श्वसन व रक्ताभिसरण, पचन, प्रजनन इत्यादी.

तात्या चाकाच्या खुर्चीत बसावयास तयार नव्हते. काठीच्या आधाराने, बाकाबाकावर थांबत चालले. मंडूकपर्णीपाशी वाकून त्यांनी पान न तोडता नुसते बोटांत धरले. ही वनस्पती मलय लोक पेगागा नावाने कोशिंबिरीप्रमाणे खातात. मग त्यांनी बागेच्या रचनेवर आक्षेप घेतला. "एकच पिंपळी श्वासातही लागते आणि पचनातही. ती हे कुठल्या वाफ्यात लावणार? चरकाने पन्नास महाकषाय कर्मानुसार केले ते उगाच नाही." आम्ही मुद्दाम प्रतिवाद केला, की सामान्य माणसास अवयव कळतो, कर्म कळत नाही. या विषयावर पाऊण तास वाद झाला. तात्यांचा स्वर चढला, याचा आम्हास जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

चिनी औषधालयात

तिसऱ्या दिवशी १८२७ साली स्थापन झालेल्या श्रीमारीअम्मन मंदिरात दर्शन घेतले. हे सिंगापुरातील सर्वात जुने हिंदू मंदिर चिनी वस्तीतच आहे. तेथून जवळच एका चिनी औषधालयात शिरलो. भिंतभर लहान लहान खण, वैद्याच्या पत्रावरून एकेक द्रव्य तोलून कागदावर वेगवेगळ्या पुंजक्यांत मांडणारा विक्रेता, आणि हवा असल्यास काढा तयार करून देण्याची सोय. तात्यांनी न सांगता ज्येष्ठमधाची काप ओळखली. चिनी ज्येष्ठमध आपल्याहून भिन्न जातीचे. परंतु बहुसंख्य योगांत इतर द्रव्यांचा मेळ घालण्यासाठी ते घालतात, हे विक्रेत्याने इंग्रजीत समजावून सांगितले. पुढे त्याने संत्र्याची वाळलेली साल दाखविली. तिच्या नावातच 'जुनी' असा अर्थ असून ती जितकी जुनी तितकी मूल्यवान. यावर तात्यांनी आम्हास दुभाषी करून त्याला सांगितले की आमच्याकडेही द्रव्ये ताजी घ्यावीत, परंतु विडंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप व मध ही जुनीच उत्तम. दोघेही हसले. दोन वृद्ध औषधविक्रेत्यांस एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी फारसे अडले नाही.

तेथील चिनी वैद्यकीस २००० सालच्या कायद्याने नोंदणीची चौकट मिळाली. त्याआधी कितीतरी वर्षे, १८६७ साली, थोंग चाय नावाची धर्मादाय संस्था वंश व धर्म न पाहता रुग्णांना विनामूल्य सल्ला देऊ लागली होती. तिची १८९२ सालची जुनी वास्तू आज राष्ट्रीय स्मारक आहे. ती पाहताना तात्या म्हणाले, "सरकारने कायदा करायच्या आधी लोकांनी विश्वास टाकला पाहिजे. तो यांनी मिळवला."

निष्कर्ष

चार दिवसांत तात्यांना एकदा आध्मान झाले, ते हिंग्वाष्टक व लंघनाने शमले. गुडघे सुजले नाहीत. तिसऱ्या रात्री ते सलग पाच तास झोपले. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, याची आम्हास जाणीव आहे. शोकही प्रवासाने सरत नाही. मात्र परतल्यावर आठवड्यातून दोन सकाळी तात्या आमच्या औषधकक्षात येऊन बसतात, भरड हाताने तपासतात आणि जाड राहिली असल्यास परत पाठवतात.

वैद्यांस सुचवावेसे वाटते ते इतकेच. वृद्ध रुग्ण प्रवासास निघाला असता केवळ "जा" अथवा "नको" न सांगता, देश, काल, अग्नी व वेग यांचा विचार करून एका पानाची दिनचर्या लिहून द्यावी. औषधालयांच्या चालकांनी प्रवासासाठी लहान, बंद, इंग्रजीत घटकद्रव्ये छापलेली वेष्टने ठेवावीत आणि गंतव्य देश विचारल्यावाचून खसखस, विजया, अहिफेन अथवा पारद असलेला कल्प देऊ नये. ज्या घरी वृद्ध माता-पिता आहेत आणि त्यांची प्रकृती अनुकूल आहे, त्यांनी लांबचा प्रवास जमेल तेव्हा जमो. जवळचा, थोड्या दिवसांचा, एका मुक्कामाचा प्रवास मात्र पुढे ढकलू नये. वृद्धांच्या बाबतीत 'पुढच्या वर्षी' हा काल गृहीत धरता येत नाही, हे आपल्याहून अधिक कोणास ठाऊक असणार?