पट्टा टिकतो तो कातड्याच्या थरावर
दोन नामांकित डिझायनर ब्रँडचे दोन पट्टे आठ महिने आलटूनपालटून वापरले. दुकानात काळा, उलटसुलट वापरता येणारा पट्टाच अधिक देखणा वाटला होता. आज त्याच्या नेहमीच्या छिद्राभोवती भेगा पडल्या आहेत. कातडे जाडीत चिरल्यावर खालच्या थराचे तंतू सैल असतात. त्यावर पॉलियुरेथेनचा लेप देऊन चकाकी आणली जाते. सततच्या घडीवर हा लेप तडकतो. तपकिरी पट्टा मात्र वरच्या अखंड थराचा, वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेला. (कोल्हापुरी चपलांचे कातडेही परंपरेने बाभळीची साल व हिरडा वापरूनच कमावतात.) मुंबईच्या घामाने तो काळवंडला, किंचित बाकदारही झाला; पण चिरलेला नाही. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावरून थर कोणता हे कळत नाही. त्यासाठी कापलेली कड निरखावी आणि ती जाड रंगाने झाकलेली असल्यास विक्रेत्याला खुशाल विचारावे.