बंगळुरूहून दिसलेला समुद्र

बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. तरीही हिंदी महासागराबद्दल आपल्याला जे मूलभूत कळलं, त्यातलं काही इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत कळलं. सुरुवात मात्र पावसापासून झाली. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ हार्वर्डहून पीएचडी करून परतल्या आणि १९७३ मध्ये या संस्थेत रुजू झाल्या. वातावरण आणि महासागराच्या अभ्यासाचं केंद्र इथे उभं राहिलं, त्यात त्यांचा मोठा वाटा. १९८४ मध्ये त्यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह दाखवून दिलं की समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की वर मोठे ढग धरण्याची शक्यता एकदम वाढते.

जुलै २०२५ मध्ये सुलोचनाबाई गेल्या. त्यांचं नाव मोसमी पावसाशी जोडलेलं राहील, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या कामाचं मोल आज आणखी एका कारणाने वाटतं. वरचं पाणी किती तापतं आणि खालच्या पाण्यात किती मिसळतं, यावर समुद्रातल्या कार्बनचा हिशेब बराचसा ठरतो.

तो हिशेब गोव्यात, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत मांडला जात होता. आर. आर. नायर यांच्या गटाने जर्मन शास्त्रज्ञांच्या साथीने १९८६ मध्ये अरबी समुद्रात सापळे सोडले. सापळा म्हणजे रुंद तोंडाचं मोठं नरसाळं. त्याच्या तळाशी गोलाकार बसवलेल्या बाटल्या असतात; ठरलेले दिवस भरले की चक्र फिरतं आणि पुढची बाटली नरसाळ्याखाली येते. हजार मीटर आणि त्याहून खोल पाण्यात ही यंत्रं महिनोन्महिने ठेवायची. त्यात जमायचं ते वरून झरणारं मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), कवचं, विष्ठा, धूळ. बाटल्या वर काढल्यावर दिसलं की मोसमी वारे सुटले की ही झड वाढते. वारा पाणी घुसळतो, खालचं नायट्रेट हे पोषकद्रव्य वर येतं, वनस्पतिप्लवक फोफावतं आणि त्याने घेतलेल्या कार्बनचा काही भाग खोल तळाकडे निघतो.

बंगालच्या उपसागरात तर निराळंच निघालं. तिथे नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर वर असल्याने घुसळण कमी, प्लवकही कमी. पण गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाला चिकटून सेंद्रिय कण जड होतात आणि झपाट्याने बुडतात. हिमालयाची माती समुद्रातला कार्बन खाली ओढते! या सगळ्या संशोधनातलं हे मला सर्वांत सुंदर निरीक्षण वाटतं.

नव्वदच्या दशकात ‘सागर कन्या’ जहाजावरून अरबी समुद्रातला कार्बन नेमाने मोजला गेला. एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलं की हिवाळ्यात ईशान्येच्या कोरड्या वाऱ्यांनी वरचं पाणी थंड आणि जड होऊन बुडतं, पोषकद्रव्यं वर येतात आणि उत्तर अरबी समुद्र पुन्हा बहरतो. याच काळात हेही पक्कं झालं की जगाचे महासागर मिळून माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा रिचवत असले, तरी अरबी समुद्र एकंदरीत तो हवेत सोडतो. खालून येणारं पाणी कार्बनने इतकं भरलेलं असतं की प्लवकाला तो सगळा वापरून संपवता येत नाही.

मग तापमानवाढ या घुसळणीचं काय करणार? २००५ मध्ये जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या नोंदींवरून सांगितलं की हिमालयाकडचा बर्फ घटतोय, उन्हाळी वारे जोर धरताहेत आणि पश्चिम अरबी समुद्रात प्लवक वाढतंय. २०१६ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकारी उलट निष्कर्षावर आले: वरचं पाणी तापून हलकं झालं, खालचं वर येईना, आणि सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरातलं प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटलं. पहिल्या अभ्यासाच्या हाताशी जेमतेम सात वर्षांच्या नोंदी होत्या, म्हणून लांब पल्ल्याचं चित्र मला अधिक भरवशाचं वाटतं. पण घुसळण मंदावली तर कार्बन वर येणंही घटेल आणि खाली जाणंही. कोणतं पारडं जड होईल, ते तर्काने नाही, मोजूनच कळेल.

२०१६ च्या पावसाळ्यातच बंगळुरूच्या त्याच विज्ञान संस्थेतले पी. एन. विनयचंद्रन आणि त्यांचे सहकारी ‘सिंधु साधना’ जहाजाने बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात गेले. अरबी समुद्राचं खारट पाणी उपसागराच्या गोडसर थराखाली कसं शिरतं, ते त्यांनी टिपलं. अशा मोहिमा मोलाच्या, पण त्या काही आठवड्यांच्या असतात. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यापासून थोडं आत एका ठिकाणी १९९७ पासून पुन्हा पुन्हा पाणी तपासलं गेलं आहे. तसंच एक ठिकाण उत्तर अरबी समुद्राच्या खोल पाण्यात, हिवाळी बहराच्या जागी असायला हवं, आणि तिथे दरवर्षी डिसेंबर ते मार्च जहाज जायला हवं.