परकेपणाचा विनोद आणि परतीची वाट

व्लादिमिर नाबोकोव्ह यांच्या ‘प्निन’ (१९५७) या कादंबरीचा रशियन नायक अमेरिकेत अध्यापन करतो, व्याख्यानाला निघताना चुकीच्या गाडीत बसतो आणि सोडून गेलेल्या पत्नीवर अजूनही प्रेम करतो. त्याची फजिती सांगणारा निवेदक तिचाच पूर्वप्रियकर असल्याने वाचकाचे हसू पुढे त्यालाच सलू लागते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तील (१९६०) निवेदक परदेशात स्वतःलाच हसतो; प्रवासवर्णनात परतीचे घर गृहीत असते. प्निनची मायभूमी मात्र क्रांतीने हिरावलेली आहे. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत बदलीवर आलेला मराठी कर्मचारी आणि निर्वासित यांच्या परकेपणातही हाच भेद असतो. म्हणून अशा कृतींची तुलना करताना कोण हसतो आणि परतीची वाट उरली आहे काय, हे प्रथम तपासावे.