डोकं आपटल्यावर: कबड्डीची पंचवीस वर्षं

पंचवीस वर्षांपूर्वी मालवण, आचरा, देवबाग भागातल्या प्रकाशझोतातल्या कबड्डी सामन्यांत डोकं आपटून पडलेल्या गड्यावरचा उपचार ठरलेला असे. तोंडावर पाण्याचा हबका, नाकाशी फोडलेला कांदा आणि ‘काय होवचा नाय तुका, ऊठ!’ गडी उठून पुन्हा चढाईला गेला की टाळ्यांचा कडकडाट. त्यात कुणाचाही दुष्टावा नव्हता. डोक्याचा मार नंतर बोलतो, हे ठाऊकच नव्हतं.

तसं ते कळायला हवं होतं. फेब्रुवारी १९९८मध्ये ढाक्यात क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे होते. चेंडू डोक्याला लागला, ते चालत तंबूत परतले आणि तीन दिवसांनी गेले. आपण हळहळलो, पण ती क्रिकेटची गोष्ट समजून विसरलो.

खरी जाग आणली रग्बीने. २०११मध्ये उत्तर आयर्लंडमधला १४ वर्षांचा बेंजामिन रॉबिन्सन शालेय सामन्यात धडकला. त्याला तपासून पुन्हा खेळू दिलं, आणखी धडका बसल्या, तो गेला. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरण्याआधीच बसलेल्या दुसऱ्या धक्क्याने मृत्यू, असा निष्कर्ष २०१३मध्ये चौकशीत निघाला. त्याच्या वडिलांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१५मध्ये स्कॉटलंडने सगळ्याच खेळांसाठी एक नियम केला: शंका आली की बाहेर बसवा. २०२३मध्ये ब्रिटनने हौशी खेळाडूंसाठी किमान २१ दिवस सामनाबंदी सांगितली.

क्रिकेटमध्ये २०१९पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू मिळू लागला. डिसेंबर २०२०मध्ये कॅनबेरात जडेजाच्या जागी आलेल्या चहलने तीन बळी घेतले. चर्चा झाली ती ऑस्ट्रेलियावर अन्याय झाला का याची! जडेजाच्या डोक्याबद्दल बोलणारे थोडेच.

आपल्याकडे मॅट आली, २०१४पासून प्रो कबड्डीने पोरांना सूर मारायला शिकवलं. सूर मारणाऱ्याचं डोकं चढाईपटूच्या गुडघ्यावर आदळतं, साखळीतले दोघे एकमेकांवर आपटतात. मेंदू आत हिंदकळतो. बहुतेकदा शुद्ध हरपत नाही, सीटी स्कॅनही स्वच्छ येतो. म्हणून बोटं मोजायला लावण्यात अर्थ नाही. विचारायचं ते असं: कुठला हाफ चालू आहे? शेवटचा गुण कुणी घेतला? मागच्या सामन्यात समोर कोण होतं? उत्तर चुकलं तर खेळ संपला. उत्तरं बरोबर आली तरी गरगरत असेल, डोकं दुखत असेल किंवा पोरगा भांबावलेला दिसत असेल, तर त्या दिवशी तो खेळणार नाही.

कबड्डीच्या नियमांत सातांमागे पाच राखीव आहेत, पण गावाकडचा संघ कसाबसा आठ जणांनिशी येतो आणि दुखावतो नेमका हुकमी चढाईपटू. तीन गुणांनी मागे असलेल्या प्रशिक्षकाच्या हाती तेव्हा निर्णय ठेवणं मला धोक्याचं वाटतं, तो कितीही भला असो. हा अधिकार पंचांचा असावा आणि स्पर्धेच्या पत्रकातच तसं छापलेलं असावं.

सामन्यानंतर डोक्याला मार लागलेल्या गड्याला मोटारसायकल चालवू देऊ नये, दारू देऊ नये, रात्री एकटं ठेवू नये. उलटी, वाढती डोकेदुखी, झटके किंवा न आवरणारी गुंगी दिसली, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करून थेट ओरोसचं सरकारी रुग्णालय गाठावं. तिथून गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात न्यायला सांगितलं, तर त्याच रात्री निघावं.